पोकळ काट्याचा मासा

चिंचपोकळीकडच्या गल्ल्यांतून सकाळच्या वेळीं कोळीण मासळीची पाटी उतरवून बसली कीं तिच्याभोंवतीं बायकांचा घोळका जमतो. गिऱ्हाईक बाई पापलेटाचा कल्ला उचलून त्याची लाली पाहते, बांगड्याच्या डोळ्याला तकाकी आहे कीं नाहीं तें न्याहाळते, बोटानें दाबून मांस घट्ट असल्याची खात्री करून घेते, आणि मगच घासाघीस सुरू होते. "बाय, आजचाच हाय, हात लावून बघ," असें कोळणीनें कितीहि बजावलें तरी ही परीक्षा चुकत नाहीं. मत्स्यशास्त्राचा पहिला पाठ मुंबईंतल्या घरोघरच्या बायका असा पाटीपुढें बसूनच शिकलेल्या असतात. आणि ज्यांच्या घरीं मासळी शिजत नाहीं त्या श्रोत्यांनींहि या पाटीकडे क्षणभर निराळ्या दृष्टीनें पाहावयास हरकत नाहीं.

घरीं आणल्यावर तो मासा विळीवर येतो, आणि पहिली गदा कोसळते ती त्याच्या परांवर. पापलेटाचा पर म्हणजे एक पातळ पडदा व त्याला ताणून धरणाऱ्या काटकुळ्या काड्या, पंख्याच्या काड्यांसारख्या. अंगालगत विळी फिरवली कीं तो सहज निघून येतो. बांगडा, सुरमई, रावस, घोळ, बोंबील, बाजारांत येणाऱ्या बहुतेक सर्व हाडवाल्या माशांची घडण ही अशीच. मुशी आणि पाकट यांची गोष्ट वेगळी; त्यांच्या अंगांत खरें हाड नसतेंच, सगळी कूर्चा असते.

आतां श्रोत्यांनीं असा एक मासा डोळ्यांपुढें आणावा कीं, ज्याचे पर अंगाला थेट चिकटलेले नाहींत, तर खवल्यांनीं मढलेल्या मांसल देठांवर बसविलेले आहेत. त्या देठाच्या आंत एकापुढें एक अशीं हाडें सांधलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं अंगाजवळचें हाड एकटें आहे, मनुष्याच्या दंडांत एकच हाड असतें तसें. शेपटीचे भाग दोन नव्हेत, तीन. वर एक, खालीं एक, आणि दोहोंच्या मधून पुढें आलेला लहानसा झुबका. रंग पोलादी निळा, त्यावर पांढरट ठिपके. खवले जाड व खरखरीत. लांबी पूर्ण वाढलेल्या पुरुषाएवढी होऊं शकते. अशा माशावर विळी चालवावयाची म्हणजे देठाशीं ती अडणार, कारण तेथें तिला पर नव्हे, हातापायाचा आरंभ कापावयाचा असतो.

या माशाचें नांव सीलॅकँथ. हें नांव लुई अगासी या स्विस पंडितानें १८३९ सालीं, प्रत्यक्ष मासा न पाहतां, केवळ दगडांतला ठसा पाहून बनविलें. ग्रीक भाषेंतील पोकळ आणि कांटा या अर्थाच्या दोन शब्दांचा तो समास आहे. कारण त्या ठशांत शेपटीच्या परांना आधार देणारे कांटे आंतून पोकळ होते. तेव्हां मराठींत त्याला पोकळ काट्याचा मासा म्हणावें. पोकळी हा शब्द चिंचपोकळीच्या रहिवाशांना तरी परका वाटूं नये.

पण चिंचपोकळीचा आणि या माशाचा संबंध एवढ्या शाब्दिक योगावर संपत नाहीं. चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांत इमारतीचा पाया खोल खणला कीं केव्हां ना केव्हां कठीण खडक लागतो. हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून वितळलेल्या खडकाचे लोट एकावर एक पसरत गेले. सह्याद्रीचे कडे त्यांचेच बनले, आणि मुंबईचे थर हे त्या प्रचंड नाटकाच्या अखेरच्या अंकांतले. आतां अगासीच्या नंतरच्या पंडितांनीं जगभरचे खडक चाळले तेव्हां त्यांना असें आढळलें कीं, या माशांचे अश्मीभूत अवशेष सुमारें एक्केचाळीस कोटी वर्षांपूर्वींच्या खडकांपासून मिळूं लागतात, पुढें पस्तीस कोटी वर्षेंपर्यंत ते येथें तेथें मिळत राहतात, आणि दख्खनच्या लाव्ह्याच्या काळाशीं येऊन एकाएकीं थांबतात. त्याच सुमारास महाकाय सरीसृपहि संपले. त्यांच्याबरोबर हा वंशहि बुडाला, असा निर्णय विद्वानांनीं दिला, आणि त्यावर शंका घेण्यास कोणालाहि कारण दिसलें नाहीं. ज्या दगडावर चिंचपोकळी वसली आहे त्याचा जन्म आणि या माशाच्या वंशाचा मृत्यु हीं दोन्हीं पृथ्वीच्या दप्तरांत जणुं एकाच पानावर नोंदलीं गेलीं होतीं.

येथें एक लहानशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. चिंचपोकळीपासून हाकेच्या अंतरावर वरळी. तेथें लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्यें सांपडलेल्या चिखलाच्या दगडांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि रिचर्ड ओवेन या विख्यात इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें १८४७ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. एक लोट थिजून दुसरा येईपर्यंतच्या अवधींत तेथें दलदल होती व तींत बेडूक नांदत होते. त्या बेडकाचे पाय आणि सीलॅकँथच्या परांचे देठ हीं एकाच जुन्या घराण्याचीं दोन टोकें होत. म्हणजे जे चार पाय घेऊन जमिनीवर चढले ते वरळीच्या दलदलींत डराँव डराँव करीत होते, आणि जे पाण्यांतच राहिले ते संपले, असें तेव्हांचें शास्त्र सांगत होतें.

शास्त्राच्या या निर्णयाला धक्का बसला तो १९३८ सालच्या डिसेंबरच्या २२ व्या तारखेस, दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन नांवाच्या बंदरांत. तेथील लहानशा म्युझियमच्या व्यवस्थापिका मार्जोरी कोर्टने-लॅटिमर या तेव्हां एकतीस वर्षांच्या होत्या. त्यांच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती. पक्षी, शंख, फुलें, जुनीं हाडें जमविण्याचा लहानपणापासूनचा नाद एवढेंच भांडवल. हेंड्रिक गूसेन नांवाच्या कप्तानाशीं त्यांचें असें ठरलेलें होतें कीं, जाळ्यांत कांहीं चमत्कारिक आढळलें तर तें म्युझियमसाठीं बाजूला ठेवावें. त्या दिवशीं गूसेनचें 'नेरीन' हें गलबत चलम्ना नदीच्या मुखाबाहेर चाळीस पुरुष पाण्यांत जाळें ओढून परत आलें होतें. निरोप आला तेव्हां बाई एका जुन्या सरीसृपाचा सांगाडा जुळवीत होत्या आणि जाण्याचा त्यांना कंटाळा आला होता. पण नाताळ तीन दिवसांवर होता. खलाशांना शुभेच्छा द्याव्या एवढ्या हेतूनें त्या टॅक्सी करून धक्क्यावर गेल्या. मुशी आणि पाकट यांच्या ढिगाखालून एक निळा पर बाहेर आलेला त्यांना दिसला. ढीग दूर केला, तेव्हां पांच फूट लांबीचा, सव्वाशें पौंडांहून अधिक वजनाचा असा एक मासा समोर आला, कीं तसा त्यांनीं कधीं पाहिला नव्हता.

यापुढचा प्रसंग कोणत्याहि गृहिणीला ताबडतोब समजेल असा आहे. दक्षिण गोलार्धांतला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. मासा मोठा, तेलकट आणि वास मारूं लागलेला. टॅक्सीवाला तो गाडींत घेईना. वाद घालून बाईंनीं त्याला राजी केलें. म्युझियमच्या अध्यक्षांनीं हा साधा खडकांतला मासा आहे म्हणून तो हंसण्यावारी नेला. प्रेतागारांत ठेवावा तर तेथील मनुष्य नाहीं म्हणाला. शीतगृहवाल्यांनींहि तेंच उत्तर दिलें. सारा गांव सणाच्या गडबडींत, आणि बाई एक नासत चाललेला मासा हातगाडीवर घालून दारोदार फिरत होत्या. शेवटीं पेंढा भरणाऱ्या एका कारागिराच्या साह्यानें त्यांनीं फॉर्मॅलिनमध्यें भिजविलेलीं वर्तमानपत्रें माशाभोंवतीं गुंडाळलीं, त्यावर चादर लपेटली, आणि दुसऱ्या दिवशीं एक पत्र लिहून त्यासोबत त्या माशाचें ओबडधोबड रेखाचित्र पाठविलें.

तें पत्र होतें ग्रॅहॅमस्टाउनच्या कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक जे. एल. बी. स्मिथ यांना. रसायन ही त्यांची नोकरी व मासे हें त्यांचें वेड. परंतु ते सुटी घालविण्यासाठीं शेंकडों मैल दूर नायस्ना येथें गेले होते, आणि पत्र त्यांच्या हातीं पडलें ३ जानेवारी १९३९ रोजीं. रेखाचित्र पाहून ते थक्क झाले. त्यांनीं लगेच तार केली कीं, सांगाडा आणि कल्ले हीं कांहींहि करून राखून ठेवा. तार पोंचली तेव्हां उशीर झाला होता. फॉर्मॅलिन आंतपर्यंत मुरलें नव्हतें. नाताळ उलटतांच मांस सडूं लागलें म्हणून बाईंनीं कातडें सोलून पेंढा भरावयास दिलें होतें आणि आंतला सगळा भाग फेंकून दिला होता. गांवच्या कचऱ्यांत शोध केला, तो मिळाला नाहीं. काढलेलीं छायाचित्रेंहि बिघडलीं. स्मिथ यांची अवस्था त्या महिन्यांत मोठी विलक्षण झाली असली पाहिजे. चित्र खरें धरावें तर साऱ्या शास्त्राशीं विरोध येतो, खोटें धरावें तर स्वतःचे डोळे खोटे ठरतात. शिवाय चूक झाली तर रसायनाच्या एका मास्तरानें मत्स्यशास्त्रांत नसती लुडबूड केली म्हणून जग हंसणार. फेब्रुवारीच्या १६ व्या तारखेस त्यांनीं तो पेंढा भरलेला मासा प्रत्यक्ष पाहिला, आणि संशय संपला. त्यांनीं त्या माशाला लॅटिमेरिया चलम्नी असें नांव दिलें. पहिला शब्द बाईंच्या स्मरणार्थ, दुसरा नदीच्या. अगासीनें दगडांतल्या माशाचें बारसें केलें त्याला तेव्हां बरोबर शंभर वर्षें होत होतीं.

आंतडीं फेंकून दिल्याबद्दल दूरदूरच्या विद्वानांनीं बाईंना दोष दिला. तो दोष अन्यायाचा होता. ज्या गांवांत प्रेतागारापासून शीतगृहापर्यंत एकहि दार उघडलें नाहीं, तेथें एवढें कातडें आणि एवढें डोकें तरी उरलें तें केवळ त्यांच्या हट्टामुळें. स्मिथ यांनींहि त्यांची बाजू जोरानें मांडली. नाहीं तर तो मासा इतर माशांबरोबर विकला किंवा कुजला असता, आणि अशा रीतीनें यापूर्वीं किती गेले असतील याचा हिशेब कोणीं ठेवला आहे?

दुसरा मासा मिळविण्यासाठीं स्मिथ यांनीं चौदा वर्षें घालविलीं. इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज या तीन भाषांत जाहिराती छापल्या, त्यांवर माशाचें चित्र आणि शंभर पौंडांचें बक्षीस. आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जेथें जेथें कोळी राहतात तेथें तेथें त्या वांटल्या. मध्यंतरीं महायुद्ध येऊन गेलें. अखेर १९५२ सालच्या डिसेंबरांत, पुन्हां नाताळच्या तोंडावर, मोझांबिक आणि मादागास्कर यांच्या मधल्या कोमोरो बेटांपैकीं आंजुआं बेटावर अहमदी अब्दल्ला या कोळ्याच्या गळाला तो लागला. बाजारांत तो कापला जाणार इतक्यांत जाहिरात पाहिलेल्या एका शिक्षकानें त्याला ओळखलें. एरिक हंट नांवाच्या व्यापारी गलबताच्या कप्तानानें मासा मिठांत घालून तार केली, आणि स्मिथ यांनीं थेट पंतप्रधान मलान यांना गळ घालून लष्करी विमान मिळविलें. माशासमोर बसतांच त्या कठोर वृत्तीच्या मनुष्याला रडूं आवरलें नाहीं.

परंतु या प्रकरणांतला खरा बोध घेण्यासारखा भाग निराळाच आहे. कोमोरोच्या कोळ्यांना हा मासा मुळींच अपरिचित नव्हता. ते त्याला गोंबेसा म्हणत, वर्षांतून एखाद दुसरा त्यांच्या गळाला लागे, आणि त्याचें मांस तेलकट व बेचव म्हणून त्याची त्यांना फारशी किंमत नव्हती. शंभर वर्षें पंडित ज्याच्या मृत्यूची तारीख सांगत होते, तो तेथल्या कोळणीच्या लेखीं एक टाकाऊ मासा होता. पुढें हाच प्रकार पुन्हां घडला. १९९७ सालीं इंडोनेशियांत मानाडो शहराच्या मासळीबाजारांत एक तपकिरी सीलॅकँथ हातगाडीवरून चाललेला मार्क अर्डमन व त्यांची पत्नी आर्नाझ यांना दिसला. हीं दोघें लग्नानंतरच्या प्रवासांत होतीं. तेथील कोळ्यांजवळहि त्याला तयार नांव होतें, राजा लाऊत, म्हणजे समुद्राचा राजा. ही त्याच्या वंशाची दुसरी जाति ठरली. बाजाराच्या पाटींत काय आहे हें पाटीवाल्यांना विचारावयास विद्वान बहुधा सर्वांत शेवटीं येतात.

आतां महाराष्ट्राकडे वळावें. कारण या माशाचें एक घर महाराष्ट्राच्या आसपास होतें, आणि तें मुंबईपासून शेंकडों मैल पूर्वेस, समुद्राचा वाराहि जेथें पोंचत नाहीं अशा ठिकाणीं. पूर्वींच्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे १९८२ पासूनच्या गडचिरोली जिल्ह्यांत, प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमावर सिरोंचा आहे. तेथून उत्तरेस थोड्या अंतरावर प्राणहितेच्या कांठीं कोटा नांवाचें लहानसें खेडें आहे. या खेड्यावरून भूगर्भशास्त्रज्ञ एका सबंध खडकसमूहाला कोटा थर असें म्हणतात. हे थर नदीच्या दोन्हीं अंगांनीं पसरले असून सुमारें अठरा कोटी वर्षांचे आहेत. तेथल्या चुनखडींत चकचकीत खवल्यांचे मासे दडलेले आहेत, हें १८५१ सालींच कर्नल साइक्स यांच्या लेखानें विलायतेंतल्या विद्वानांना कळलें होतें. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं मराठी मुलांना शिकवितां शिकवितां त्या भागांतले दगड गोळा केले. १८६३ सालीं बोरीजवळ नदीच्या पुरांत ते वाहून गेले. त्यांच्यानंतर हें काम बराच काळ मंद पडलें.

पुढें त्याला चालना मिळाली ती अगदीं अनपेक्षित अशा जागेकडून. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे प्रमुख महालनोबिस यांनीं आपल्या संस्थेंत भूगर्भशास्त्रालाहि जागा दिली आणि पामेला रॉबिन्सन या इंग्रज विदुषीला बोलावून तरुण अभ्यासकांची एक तुकडी उभी केली. या तुकडीनें सिरोंचा भागांत एका प्रचंड सरीसृपाचीं हाडें बैलगाड्या भरभरून काढलीं. १९६१ हें रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचें वर्ष होतें म्हणून त्याच्या नांवांत टागोरांचें नांव गुंफलें गेलें. बारापासॉरस टागोराय हें तें नांव, आणि त्याचा सांगाडा कलकत्त्यास उभा आहे. याच तुकडींतले सोहनलाल जैन यांनीं १९७४ सालीं कोटा थरांतल्या एका सीलॅकँथचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्याला इंडोसीलॅकँथस रोबस्टस असें नांव दिलें. भारतांत मिळालेला हा पहिला अश्मीभूत सीलॅकँथ. महाकाय प्राण्याच्या सांगाड्याभोंवतीं लोक गर्दी करतात; या माशाचें नांव मात्र मराठी वाचकांच्या कानांवर क्वचितच पडलें असेल.

कोटा थरांतली चुनखडी, बहुतेक अभ्यासकांच्या मतें, गोड्या पाण्याच्या तळ्यांत सांचली. म्हणजे ज्याला जग आज खोल समुद्राचा रहिवासी म्हणून ओळखतें, त्याचे भाऊबंद एके काळीं प्राणहितेच्या परिसरांतल्या उथळ तळ्यांत पोहत होते आणि कांठावरून बारापासॉरस चालत होता. त्या काळीं हिंदुस्थानची भूमि मादागास्कर व आफ्रिका यांना जोडलेलीच होती. लाव्ह्याच्या काळानंतर तळ्यांतले व किनाऱ्यावरचे सीलॅकँथ गेले. जे टिकले ते बहुधा अशा खोल, खडकाळ जागीं टिकले कीं जेथला गाळ दगड होऊन पुन्हां मनुष्याच्या हातीं सहसा येत नाहीं. साडेसहा कोटी वर्षांचें मौन पडलें तें यामुळें. मासा नाहींसा झाला नव्हता, त्याचें दप्तर तेवढें हरवलें होतें.

जिवंत सीलॅकँथ आपल्या घरीं कसा राहतो हें प्रथम पाहिलें हान्स फ्रिके या जर्मन संशोधकानें, १९८७ सालीं, एका लहान पाणबुडींतून. कोमोरो बेटेंहि ज्वालामुखीचीं. पाण्याखालच्या त्यांच्या उतारांवर काळ्या लाव्ह्याच्या गुहा आहेत. घारापुरीचीं लेणीं ज्या जातीच्या दगडांत कोरलेलीं आहेत त्याच जातीच्या दगडांत, दीडशें ते अडीचशें मीटर खोलीवर, हे मासे दिवसा चारपांच, कधीं दहाबारा, मिळून स्वस्थ तरंगत असतात. रात्र झाली कीं ते एकेकटे बाहेर पडतात व प्रवाहाबरोबर सावकाश वाहत जाऊन लहान मासे व माकुल टिपतात. ते तळावर चालत असावेत अशी पूर्वीं कल्पना होती. ती खोटी ठरली. तथापि त्यांचे पर हलतात ते मोठ्या मौजेनें: उजवा पुढचा आणि डावा मागचा एकदम, मग डावा पुढचा आणि उजवा मागचा, दुडकी चालणाऱ्या घोड्याप्रमाणें. पाठीला कण्याऐवजीं तेलकट द्रवानें भरलेली नळी असते. कवटीला मध्यें सांधा असतो, त्यामुळें वरचा जबडाहि उचलला जातो. मेंदू इतका लहान कीं त्याच्यासाठीं असलेल्या पोकळीचा फार थोडा भाग तो व्यापतो, बाकीच्या जागेंत चरबी. फुफ्फुसासारखें एक इंद्रिय आहे, पण तेंहि निरुपयोगी व चरबीनें वेढलेलें.

त्याला जिवंत जीवाश्म म्हणण्याची पद्धत पडली आहे. शब्द आकर्षक आहे खरा, पण त्यानें दोन गैरसमज पसरविले. एक, हा मासा मनुष्याचा पूर्वज आहे; दुसरा, तो कोट्यवधि वर्षांत तिळमात्र बदललेला नाहीं. पहिला गैरसमज २०१३ सालीं त्याच्या आनुवंशिक द्रव्याचें संपूर्ण वाचन प्रसिद्ध झालें तेव्हां कायमचा मिटला. चतुष्पाद प्राण्यांचा अधिक जवळचा आप्त फुफ्फुसमासा हा आहे. सीलॅकँथ दूरचा चुलत घराण्यांतला. दुसऱ्याविषयीं इतकेंच म्हणतां येतें कीं, त्याच्यांत बदल सावकाश झाले. कोट्याचा मासा आणि कोमोरोचा मासा एकाच कुळांतले असले तरी एक नव्हेत. आजोबांच्या चेहऱ्याशीं नातवाचा चेहरा मिळाला म्हणून कोणी नातवाला आजोबा म्हणत नाहीं.

त्याच्या पिलांची कथा तर बाजारांत गाभोळी विकत घेणाऱ्यांना चकित करील. पापलेटाच्या किंवा भिंगाच्या पोटांतली अंडीं मोजावयाचीं झालीं तर ती मोजदाद हजारांवर किंवा लाखांवर जाते. सीलॅकँथचें एक अंडें मोठ्या संत्र्याएवढें आणि वजनाला तीनशें ग्रॅमच्या वर; तें बाहेर पडतच नाहीं. १९७५ सालीं न्यूयॉर्कच्या म्युझियममध्यें एक मादी कापून पाहिली तेव्हां तिच्या पोटांत पांच पूर्ण वाढत आलेलीं पिलें मिळालीं. ही मादी पिलें जिवंत जन्माला घालते. किती काळानें, हें २०२१ सालीं फ्रेंच संशोधकांनीं खवल्यांवरचीं सूक्ष्म वर्तुळें मोजून काढलें: गर्भ सुमारें पांच वर्षें पोटांत राहतो. त्यांनीं तपासलेल्या माशांपैकीं सर्वांत वयस्क मासा चौऱ्यायशीं वर्षांचा होता, आणि मादीला पहिलें पिलूं होण्यास पन्नासाहून अधिक वर्षें लागतात, असें त्यांच्या हिशेबांत आलें.

या हिशेबाचा अर्थ चिंचपोकळीच्या मापानें लावून पाहावा. १९३८ सालीं, 'नेरीन'नें जाळें ओढलें त्या वर्षीं, चिंचपोकळीच्या आसमंतांत गिरण्यांचे भोंगे पहाटेपासून वाजत होते आणि चाळींतून माणसांचा लोंढा वाहत होता. त्या वर्षीं जन्मलेली एखादी मादी नव्वदीच्या घरांत पोंचेतों कोमोरोच्या गुहेंत तरंगत राहूं शकते. १९८२ च्या जानेवारींत गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला, कित्येक भोंगे त्यानंतर कायमचे बंद पडले, चिमण्या उतरल्या, त्या जागीं काचेचे मनोरे चढले. त्या संपाच्या वर्षीं जन्मलेली मादी एवढें सगळें होऊन गेल्यावरहि अजून अप्रौढच आहे. आणि तिला पन्नास वर्षें पुरीं होण्याआधीं जाळ्यांत ओढलें, तर तिच्या वंशाला एकहि पिलूं देऊन झालेलें नसतें.

तीं ओढली जात आहेत. पूर्वीं गळाला लागत तीं कोमोरोचीं. पुढें टांझानियाच्या किनाऱ्यावर, २००३ पासून, मुशीसाठीं खोल पाण्यांत लावलेल्या जाळ्यांत तीं दहावीसांनीं सांपडूं लागलीं, आणि मादागास्करच्या दक्षिणेकडेहि तसेंच. मुशीचे पर व तेल यांना परदेशांत गिऱ्हाईक आहे. सीलॅकँथला कोणीहि मागितलेलें नाहीं, तो केवळ मध्यें सांपडतो. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आफ्रिकेकडची जाति अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे, परंतु जाळें कायदा वाचीत नाहीं. कोमोरोच्या बेटांभोंवतीं त्याची संख्या कांहीं शेंच असावी, असा फ्रिके यांचा अंदाज होता. खोल पाण्यांतून वर काढलेला हा मासा उबदार पाण्यांत व उघड्या हवेंत फार तर कांहीं तास जगतो. सोडून दिला तरी बहुधा वांचत नाहीं.

दक्षिण आफ्रिकेंत सोडवाना उपसागराच्या पाण्याखालच्या दऱ्यांत २००० सालीं पाणबुड्यांनीं त्याला शंभर मीटरांच्या थोडें खालीं स्वतः पोहून जाऊन पाहिलें. पुढच्याच महिन्यांत त्याचें चित्रण करण्याच्या मोहिमेंत एका पाणबुड्याचे प्राण गेले. त्या दऱ्या राखीव क्षेत्रांत आहेत. तेथें जाळीं लागत नाहींत, आणि तेथल्या प्रत्येक माशाला त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून ओळखून त्याची वेगळी नोंद ठेवतात, कारण कोणत्याहि दोघांचे ठिपके सारखे नसतात. गूसेनच्या जाळ्यांतला पहिला मासा ईस्ट लंडनच्या म्युझियममध्यें ठेवलेला आहे. मार्जोरीबाई २००४ सालीं सत्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या.